खोलायच्या आधीची खूण

रविवारी दुपारी बाहेर धुळीचा वारा सुटला होता, म्हणून बाळाची दुपटी गॅरेजमध्ये वाळत घालावीत, एवढ्याच कामाला ती खाली आली. शटर अर्धं ओढलेलं होतं. आत व्हॅन जॅकवर चढवलेली आणि तिच्याखालून नवऱ्याचे दोन पाय बाहेर आलेले. रॉकेलचा वास नाकात बसत होता.

व्हॅन तिच्या वडिलांची. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि व्हॅन तिच्याकडे आली. वडिलांना सगळे खुणेवाला मिस्त्री म्हणत. कुठलाही भाग खोलायच्या आधी ते सांध्यावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढत. अर्धी इकडच्या लोखंडावर, अर्धी तिकडच्या. परत बसवताना रेघ जुळली की झालं. दाढ दुखायची म्हणून तोंडात सदा लवंग असायची. लहानपणी ती त्यांच्यासाठी उजेडाला बॅटरी धरायची. हाक मारायच्या ऐवजी ते गाडीखालून पान्याने ठोकत, दोन भरभर आणि एक सावकाश. म्हणजे बॅटरी जवळ धर.

नवऱ्याने गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट काढला होता. त्याचा सांधा झिजला होता, तो घरीच बदलायचा म्हणे. मोबाईलवर बघून शिकला होता.

"अहो, शाफ्टवर बाबांची खूण होती ना?"

"होती. घासून काढली. घाण नुसती," तो खालूनच म्हणाला. "तुझ्या बाबांना काहीही रंगवायची खोड."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाफ्ट मागच्या चाकांकडच्या गोल तबकडीवर चार बोल्टांनी बसतो. "चार तऱ्हांनी बसतो, पण नांदतो एकाच तऱ्हेने," वडील म्हणायचे. पण नवऱ्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

ती गप्प बसली नसती, पण उद्या सोमवार होता. बाळाच्या काळजाला भोक होतं. सकाळी नऊला लांबच्या मोठ्या इस्पितळात तपासणीची वेळ मिळाली होती. चुकली तर पुढची चार महिन्यांनी. बाळ जरा रडलं, जरा दचकलं, तरी ओठ निळे पडायचे.

शाफ्ट बसवून ते बाळासकट एक चक्कर मारायला गेले. तीसपर्यंत सगळं ठीक. चाळीसला काटा गेला आणि व्हॅनच्या पोटातून थरथर सुरू झाली. आधी पायांना, मग दातांना. मांडीवरचं बाळ ताठ झालं. ओठांवर निळी झाक आली.

नवरा म्हणाला, टायरमध्ये हवा कमी असेल. हवा भरली. थरथर तशीच. तिने त्याला गाडी न्यूट्रल करायला सांगितलं. केली, तरी थरथर होतीच. म्हणजे दोष इंजिनाचा नव्हता, शाफ्टचाच होता. तो म्हणाला, तू बाळ सांभाळ, गाडी मी सांभाळतो.

त्या थरथरीत तिला आणखी काहीतरी ऐकू आलं. पायाखाली, पत्र्याच्या पलीकडून. ठकठक... ठक.

घरी येऊन त्याने शाफ्ट फिरवून बसवला. थरथर वाढली. पुन्हा फिरवला. तशीच. कुठली तऱ्हा करून झाली आणि कुठली राहिली, हे त्याचं त्यालाच कळेना, कारण खूणच नव्हती. शेवटी त्याने पाना आपटला, उद्या पस्तीसनेच जाऊ म्हणाला आणि वर जाऊन झोपला. पस्तीसने गेलं तर नऊची वेळ हुकली असती.

ती एकटीच गॅरेजमध्ये उभी राहिली. वाऱ्याने शटर वाजत होतं. मग शटर थांबलं, आणि रॉकेलच्या वासातून दुसराच वास आला. लवंगेचा.

ठकठक... ठक. व्हॅनच्या खालून.

नवरा वर घोरत होता, इथपर्यंत ऐकू येत होतं.

तिने फळीवरची बॅटरी उचलली. का उचलली, ते तिलाही सांगता आलं नसतं. वाकून उजेड आत धरला आणि दातओठ खात म्हणाली,

"बाबा, गाडीचं राहू द्या. आधी या माणसाला खोला. डोक्यात काय भरलंय ते तरी बघू."

खालून एकच ठोका आला, अगदी हळू. जणू कुणी मान डोलावली.

उजेडात शाफ्ट चमकत होता. त्याच्यावर अर्धी पांढरी रेघ होती. दुसरी अर्धी मागच्या तबकडीवर, पाव वळसा सोडून. तिने बोट लावलं. रंग ओला होता.

तिने नवऱ्याला उठवलं. खुणा तिनेच केल्या असं धरून तो कुरकुरत आडवा झाला, चार बोल्ट काढले, शाफ्ट पाव वळसा फिरवला. रेघ जुळली. पुन्हा बाळासकट चक्कर मारली. चाळीस झालं, साठ झालं. पुढे ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हललं नाही.

"बघितलंस? शेवटी कुणी केलं?" नवरा म्हणाला.

तिने मांडीवर पाहिलं. बाळ गुलाबी ओठांनी झोपलं होतं.

सोमवारी सकाळी सातला ते निघाले. नवऱ्याने आंघोळ करून इस्त्रीचा निळा शर्ट घातला होता. ती बाळाला घेऊन मागे बसली. रस्ता मोकळा, काटा साठवर, गाडी लोण्यावरून चालावी तशी. कालचा राग आता मावळत होता. एवढं मनावर घ्यायला नको होतं, असंही वाटलं.

मग उन्हं मागून आत आली आणि तिला नवऱ्याची मान दिसली.

केसांखालून एक पांढरी रेघ निघाली होती. मानेवर अर्धी, शर्टाच्या कॉलरवर अर्धी. सरळ. मिस्त्रीच्या हातची.

पदराचं टोक थुंकीने भिजवून तिने ती घासली. पदराला रंग लागला. रेघ तशीच राहिली, ओली.

"काय करतेस?" नवरा हसला. "गुदगुल्या होतात."

"गाडी थांबवा..."

"का?"

"अहो... आधी थांबवा."

"नऊची वेळ आहे ना? आता थांबायचं नाही."

आत लवंगेचा वास पसरला. सीटखालून, अगदी तिच्या टाचेपाशी, पत्रा वाजला. दोन भरभर, एक सावकाश.

तिने खाली पाहिलं. बॅटरी घरी फळीवर ठेवलेली तिला पक्की आठवत होती. ती तिच्या उजव्या हातात होती, लागलेली, आणि तिचा हात आपोआप नवऱ्याच्या मानेजवळ सरकत होता.