पितरांच्या पानापुढं

म्हाळाच्या दिवशी दारात आलेल्याला उपाशी पाठवायचं नसतं. म्हणून तो उंच, अनोळखी माणूस आमच्या कंग्राळीच्या सोप्यात आला, तेव्हा मी काही न विचारता तांब्या पुढं केला. हात धुताना त्यानं वर पाहिलं... आणि पाणी माझ्याच पायावर सांडलं.

तो बेळगावचा डॉक्टर परशराम, हे त्यानं सांगितल्यावरच कळलं. दोन वर्षांमागं माझे बाबा त्याच्याच दवाखान्यात वारले होते, आतड्याच्या गाठीनं. असा आजार कधीकधी घराण्यात उतरतो, आधी कळला तर इलाज करता येतो, असं तो सांगत होता. घरात आणखी कोण, कितव्या वर्षी, कशानं गेलं, एवढंच त्याला हवं होतं.

रवळूआप्पा, माझे चुलते, शांतपणे खोटं बोलले. आजोबा हिवतापानं गेले, आत्या बाळंतपणात. दुसऱ्याच दिवशी, पितृपक्ष संपताच, गुंजीची माणसं मला बघायला येणार होती ना!

माझा भाऊ भावकू खाली मान घालून बसला होता. त्याला महिनाभर शौचातून रक्त पडत होतं, हे फक्त मला ठाऊक.

मी पानं वाढत होते. हात थांबला.

"हे आज्याचं पान. चाळिसाव्या वर्षी, पोटानं. हे आत्याचं. पस्तिसाव्या वर्षी, तसंच रक्त पडून."

"मालू, गप. गुंजीचं मोडंल."

"मोडू दे, आप्पा. पितरांच्या पानापुढं खोटं न्हाय बोलायचं मी. भावकूला बी तपासा, डॉक्टर."

गुंजीचं मोडलंच. पण भावकूच्या गाठी लहान असतानाच सापडल्या, काढता आल्या. त्याची विचारपूस करायला डॉक्टर दर सोमवारी यायचा. माझा उपास असायचा, म्हणून तोही नुसतं ताक प्यायचा.

"डॉक्टरांनी कुणासाठी उपास धरलाय?" मी एकदा विचारलं.

"गुंजीकरांनी स्थळ मोडलं, त्याचे उपकार फेडतोय."

मग एका सोमवारी, ताक तसंच ठेवून, त्यानं मला मागणी घातली.

"माझी तपासणी व्हायचीय अजून," मी म्हटलं. "माझ्यात बी निघालं तर—"

"तपासणी दवाखान्यातल्या बाई डॉक्टर करतील. त्या काय सांगतील, त्यासाठी मी थांबलेलो न्हाय."

आप्पांनी नकाराची मान हलवली. आधी तपासणी, मग तारीख, असं त्यांचं म्हणणं. तपासणीला निघताना मी देवापुढं दिवा लावला, डोईवर पदर घेतला आणि गाडीत जाऊन बसले.

"तारीख आजच धरा, आप्पा," मी म्हटलं. "मी तपासून येते. काय बी निघू दे... अक्षता त्याच दिवशी पडणार."