दातांच्या दवाखान्याशेजारची जीप

मी पत्र्यावरचा गंज घासायचा ग्राइंडर सुरू केला आणि शेजारच्या दातांच्या दवाखान्यातून एक गृहस्थ, गळ्यात कागदी रुमाल तसाच अडकवलेला, तरातरा बाहेर पडले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पण थांबले नाहीत. त्यांच्या मागोमाग डॉक्टर आला. आमच्या कुंपणाला लागून असलेली ती खोली त्याने नुकतीच भाड्याने घेतली होती, एवढंच मला ठाऊक होतं. मास्क हनुवटीवर, हातात रबरी मोजे, कपाळाला आठी... पण डोळे मात्र हसरे. असल्या डोळ्यांच्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

"म्हणजे तो आवाज तुमचा होता," तो म्हणाला.

"कुठला?"

"त्यांनी नुकता आ केला होता. मी हातात काही घेतलंसुद्धा नव्हतं. तुमचं ते सुरू झालं, आणि ते उठून चालायला लागले."

मला हसू आलं. हसायला नको होतं, कारण सकाळपासून त्याचे पेशंट असेच पळत होते. हे किती दिवस चालणार, असं त्याने विचारलं. महिनाअखेरपर्यंत, मी म्हटलं. मग त्याने माझ्यामागच्या जीपकडे पाहिलं. मडगार्डला तळहाताएवढी भोकं, आणि दाराखालची पोकळ पट्टी अशी सडलेली, की बोट लावलं तरी तांबडा भुगा पडावा.

"फार पसरलंय," तो म्हणाला, आणि लगेच ओशाळला. "माफ करा, सवय आहे."

जीप बाबांची. त्यांची अख्खी नोकरी रस्त्यांच्या मोजणीत गेली, ती हिच्याच जिवावर. त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हापासून ती अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. इंजिन ठणठणीत, पत्रा मात्र गेलेला. या वेळी गाडी तपासणीत पास झाली नाही तर सरळ भंगारवाल्याला बोलवायचं, असं आईने बाबांकडून कबूल करून घेतलं होतं.

आणि मला ती गाडी हवीच होती. मी गुरांची डॉक्टर. डोंगरातल्या वस्त्यांवर फिरून जनावरं बघायची एक जागा निघाली होती. साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, तिकडे बस जात नाही. स्वतःची गाडी असेल तर जागा तुमची, नाहीतर इथल्या प्रयोगशाळेत बसून नमुने तपासा. नमुने तपासायला मी इतकी वर्षं म्हशींच्या लाथा खाल्ल्या नव्हत्या. हे मी त्या दातांच्या डॉक्टरला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की काम थांबणार नाही.

शेवटी तह झाला. त्याचा दवाखाना चालू असताना मी फक्त हाताने घासायचं, आणि तो दुपारी बंद असेल तेव्हा हवा तेवढा गोंगाट करायचा. या तहात एक गोम होती, ती दोघांच्याही लक्षात आली नाही. माझं खरं काम सुरू व्हायचं नेमकं तेव्हा त्याला मोकळा वेळ असायचा. पहिल्या दुपारी तो मी तह पाळतेय का ते बघायला आला. दुसऱ्या दुपारी तो आला तेव्हा बाह्या वर सरकवूनच आला.

पातळ पत्रा एका दमात जोडता येत नाही. सलग वेल्डिंग केलं की तो तापून वेडावाकडा होतो. म्हणून एक टाका इकडे घालायचा, दुसरा पार त्या टोकाला, मग हात लावून बघायचं. निवला असेल तर पुढचा. हे बाबांनी मला शिकवलं होतं, आणि आता ते व्हरांड्यातल्या खुर्चीवरून माझ्या चुका काढायचं काम इमानेइतबारे करत होते. पण पत्रा निवेपर्यंत करायचं काय? बोलायचं. एक मडगार्ड जोडून होईपर्यंत मला कळलं, की त्याला गाईची भीती वाटते, पोहता येत नाही, आणि पेशंट रडायला लागला की त्याच्याही डोळ्यांत पाणी येतं.

"मग धंदा कसा चालतो?" मी विचारलं.

"मास्क असतो ना..."

दाराखालच्या पट्टीच्या आत गंज कुठवर गेलाय ते दिसेना, तेव्हा त्याने दवाखान्यातून तो लांब दांड्याचा इवलासा आरसा आणला. मी जमिनीवर पालथी पडले, तोही शेजारी पालथा पडला. त्याच्या अंगाला लवंगेचा वास येत होता. आरशात आधी गंज दिसला, मग आरसा जरासा कलला.

"आता काय दिसतंय?"

"डोळा," मी म्हटलं.

"गंजलाय?"

"नाही. पण त्याचं लक्ष कामात नाही."

"अचूक निदान, डॉक्टर," तो हळूच म्हणाला.

पट्टी कापायची आहे, की तिच्याकडे नुसतं बघत बसायचंय, असं बाबांनी वरून खाकरून विचारलं. त्याच संध्याकाळी आईनेही पोळ्या लाटता लाटता सहज म्हणून विचारलं, की हा दातवाला नक्की कुणाची डागडुजी करायला येतो. माझे कान तापले होते, आणि ते काही लवकर निवले नाहीत.

त्याला डोंगरातल्या जागेबद्दल मी सांगितलं ते बऱ्याच उशिरा. दाराखालची नवी पट्टी बसत आली होती.

"म्हणजे गाडी पास झाली की तुम्ही जाणार."

"हो."

त्याने पत्र्याला हात लावून पाहिला. "निवलाय," तो म्हणाला. "घाला पुढचा टाका."

दुसऱ्या दिवशी तो येणार नाही, अशी मी मनाची तयारी केली होती. तो आला, रोजच्यापेक्षा लवकर आला आणि दुप्पट जोमाने घासू लागला. मला राग आला. माझ्या जाण्याचं या माणसाला थोडं तरी वाईट वाटायला नको? माझा तर रोज संध्याकाळी जायचा धीर सुटत होता, आणि रोज सकाळी मी पुन्हा हातमोजे चढवत होते. जायचं मी ठरवलंच होतं. फक्त ते सोपं असेल असं वाटलं होतं, तसं ते राहिलं नव्हतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी जीप नव्या हिरव्या रंगात उभी होती. मी शेवटचा पाण्याचा फवारा मारला, दार लावलं... आणि दाराच्या पोटात पाणी डचमळलं. मी दुसरं दार हलवलं. तेही डचमळलं. मी खाली वाकून बघितलं. दारांच्या आणि पट्टीच्या खालच्या कडेला जी बारीक भोकं असतात, आत गेलेलं पाणी बाहेर पडायला मुद्दाम ठेवलेली, त्यातलं एकही जागेवर नव्हतं. सगळी इतकी सफाईने बुजवून, घासून, रंगवून टाकली होती की बोटालाही जाणवू नयेत.

"ही भोकं कुणी भरली?"

"मी," तो अभिमानाने म्हणाला. "परवा तुम्ही ऑफिसात गेला होतात तेव्हा. अगदी खोलवर गेलेली होती."

बाबांना हसून हसून खोकला लागला. मला हसू आलं नाही. पाणी आत राहिलं की पत्रा आतून सडणार, आणि उद्या तपासणारा माणूस दारं हलवणार, पट्टी ठोकून ऐकणार. माझे सगळे टाके, सगळ्या दुपारी पाण्यात गेल्या होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "मुद्दाम केलंत?"

त्याचा चेहरा उतरला. बाबा खोकायचे थांबले आणि काठी टेकत आत निघून गेले.

"भोक दिसलं की मी भरतो. दुसरं काही मला शिकवलेलंच नाही," तो म्हणाला. "मुद्दाम अडवायचं असतं तर सरळ सांगितलं असतं, जाऊ नका म्हणून. रोज दुपारी ते तोंडाशी येतं आणि मी गिळतो. तेवढं मात्र मी मुद्दाम करतो."

त्याने हात पुढे केला. "बारीक ड्रिल द्या."

संध्याकाळी त्याचे पेशंट यायचे होते. त्याने दवाखान्याच्या दारावर 'आज बंद' अशी पाटी लावली आणि तो जीपखाली उताणा सरकला. मी शेजारी आडवी पडून बॅटरी धरली. पहिलं भोक उघडलं तसं पाणी थेट त्याच्या तोंडावर आलं. त्याने डोळे मिटले, पुसले आणि पुढचं शोधलं. नव्या रंगावर ओरखडा न येऊ देता इतक्या अलगद काम करणारे हात मी यापूर्वी पाहिले नव्हते.

"जरा उजवीकडे धर," तो म्हणाला. मग त्याला कळलं काय म्हटलं ते, आणि तो थांबला.

"धरलंय," मी म्हटलं. "तू बघ नीट."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरही माझ्यासोबत तपासणीला आला. तपासणाऱ्याने दारं हलवली, छोट्या हातोडीने पट्टी ठोकली, कान देऊन ऐकलं, मग खाली वाकून पाहिलं. "ही भोकं आत्ताच पाडलीत का?" मी हो म्हटलं. "बरं केलंत," तो म्हणाला. "नाहीतर लोक गाडी चकचकीत दिसावी म्हणून बुजवून आणतात." आणि त्याने शिक्का मारला.

आम्ही जीप तपासणी केंद्राच्या फाटकापाशी आणली. डॉक्टर उतरून माझ्या खिडकीशी आला, एकदम परक्यासारखा ताठ उभा राहिला आणि अभिनंदन म्हणून हात पुढे केला. मी तो घेतला नाही.

"ऐक," मी म्हटलं. "मी जाणार आहे. त्यात बदल होणार नाही."

"माहीत आहे."

"आणि मला तू हवा आहेस. त्यातही बदल होणार नाही. दोन्हींतलं एक निवड असं मला कुणी सांगायचं नाही. तूही नाही."

त्याने पुढे केलेला हात खिडकीच्या कडेवर टेकवला. मग म्हणाला, "मला दवाखाना सोडता येणार नाही गं."

"सोड म्हणतंय कोण? एका शनिवारी मी खाली उतरेन, पुढच्या शनिवारी तू वर ये. बस येते तिथे मी गाडी घेऊन उभी असेन."

"आणि पावसाळ्यात रस्ता बंद झाला तर?"

"तर जो जिथे असेल तिथेच अडकेल."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताठा हळूहळू गेला. "माझा शनिवार असेल तेव्हा," तो म्हणाला, "खूप पडू दे."

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती. मी खिडकीतून हात बाहेर काढून त्याचा हात धरला, आणि वाजवायचे तेवढे त्यांना वाजवू दिले.