पाण्यावरचा पत्ता

"कोणतं गाव म्हणालात?"

"बोरवंड," रोहिणी म्हणाली.

होडीतल्या तरुणाने वल्हे थांबवले. काठावरच्या शेतात उसाचे पाचट पेटवलेले होते आणि त्याचा धूर धरणाच्या फुगवट्यावर उतरून पाण्याला चिकटून बसला होता. होडी जवळ येईपर्यंत दिसलीच नव्हती. नुसता वल्ह्याचा आवाज आला होता. त्याने तिच्याकडे पाहिले, तिच्या खांद्यावरच्या नव्या काळ्या घोंगडीकडे पाहिले आणि मागे हात दाखवला.

"हे काय... समोर हाय की."

समोर पाणी होते. पाण्यातून एका देवळाचा कळस वर आला होता आणि त्यावर एक पाणकावळा पंख पसरून निश्चल बसला होता.

रोहिणीने पुन्हा एकदा खात्री करून घेतली. मोबाईलवरचा नकाशाही तेच सांगत होता. गिऱ्हाइकाने पाठवलेले लोकेशन निळ्या रंगाच्या मधोमध होते.

दिवाळीनंतर तिने ब्लॉग सुरू केला होता. कर्जतच्या घरी वडिलांचा माग होता, विणून रचून ठेवलेल्या घोंगड्या होत्या. गिऱ्हाईक मात्र उरले नव्हते. नगरच्या कॉलेजात वाणिज्य शिकलेल्या रोहिणीने लोकर, ताण्याचे उभे धागे, त्यांना लावायची चिंचोक्याची खळ या साऱ्यांवर मनापासून लिहिले, ओळखीच्या प्रत्येक ग्रुपवर लिंक टाकली. उत्तरादाखल लोकांनी सुप्रभाताची फुले पाठवली. वडील म्हणाले होते, "गुढीपाडव्यापतूर एक तरी गिऱ्हाईक आन. न्हाईतर माग मोडू, लाकूड इकू."

वाचक एकच होता. 'बोरवंडकर' एवढेच नाव. प्रत्येक लेखाखाली त्याचे एखादे वाक्य येई – 'खळीचा वास इथपर्यंत आला.' 'आज तुम्ही दमलेल्या दिसता, ओळी आखूड आहेत.' मागावर बसल्यावर पाठीमागे कोणी उभे आहे असे तिला वाटू लागले. त्या वाक्यांची तिला भीती वाटे... आणि ज्या दिवशी वाक्य येत नसे, त्या दिवशी त्याहून अधिक भीती वाटे.

मग त्याच नावाने मागणी आली. लोकेशन पाहून वडील हसले होते. "पान्यानं घोंगडं मागवलं व्हय गं?"

"या बसा," तरुण म्हणाला. "मी सोडतो तुम्हाला बोरवंडात."

अनोळखी माणूस, बुडालेले गाव. रोहिणी क्षणभर घुटमळली. मग तिला माग आठवला. तिने चपला हातात घेतल्या आणि होडीत पाय ठेवला.

धुरात काठ नाहीसा झाला. तो हलक्या आवाजात सांगत राहिला, "ही पेठ... हितनं डावीकडं तालीम... जरा सांभाळून, सुताराच्या माडीवरनं चाललोय आपण."

"तुम्ही पाहिलंय हे गाव?"

"न्हाई. माझ्या जन्माआधीच बुडालं. पण आमच्यात पोराला आधी बोरवंडचे रस्ते शिकवत्यात, मग चालायला."

ती हसली नाही. पाण्याखाली काळसर चौकोन सरकत होते, घरे असावीत. अचानक तिचा मोबाईल वाजला आणि ती दचकली.

"हितं रेंज येते," तो म्हणाला. "पलीकडच्या टॉवरची. आमच्या पुनर्वसनाच्या गावात रेंजची एक कांडी न्हाई. त्यामुळं वाचायचं तर होडी घेऊन हितंच यावं लागतं."

रोहिणीने नकाशा पाहिला. त्यांची होडी नेमकी त्या खुणेवर होती.

"तुम्ही... बोरवंडकर?"

"गोरक्ष," तो पाण्याकडे पाहत म्हणाला. "बोरवंडकर तर समदेच."

थोडे पुढे जाऊन होडी एका उंचवट्याला लागली; तिथला बिरोबाचा ओटा नुकताच उघडा पडला होता. दरवर्षी ओटा दिसला की देवाला नवी घोंगडी अंथरायची, पाणी चढले की ती पाण्याची – असा या माणसांचा रिवाज. दोघांनी मिळून घोंगडी अंथरली. टोक सारखे करताना बोटांना बोटे लागली. दोघांनीही ती लगेच काढली नाहीत.

"घोंगडी देवाची," गोरक्ष म्हणाला. "कमेंट मात्र... तुमच्यासाठी हुत्या."

"मग ब्लॉगबद्दल इतरांना का नाही कळवलंत? तुमच्या गावचा ग्रुप असेल ना?"

"गाव न्हाई, पण ग्रुप हाय." तो ओशाळला. "टाकलं असतं तर समद्यांनीच वाचलं असतं. मला... एकट्याला वाचायचं हुतं."

"अहो, माग मोडणार होता आमचा!"

त्याचा चेहरा उतरला. "ते ठाऊक नव्हतं." त्याने अंथरलेल्या घोंगडीचा फोटो काढला, ब्लॉगची लिंक जोडली आणि तिला होडीत घेऊन पुन्हा त्या रेंजच्या खुणेवर जाऊन, एक मोठा उसासा टाकत, ग्रुपवर पाठवली. "घ्या. आता तुमी समद्यांच्या झाल्या."

रोहिणीच्या हातातला मोबाईल थरथरला. पुन्हा थरथरला. मग थांबेचना. पुणे, भोसरी, बारामती... कोणाला वडिलांसाठी हवी होती, कोणाला नातवासाठी. पत्त्याच्या जागी मात्र प्रत्येकाने एकच लिहिले होते: बोरवंड. धुराने भरलेल्या पाण्यावर ते नाव पुनःपुन्हा उजळत राहिले, आणि खालचे गाव एकेक दार उघडत असल्यासारखे तिला वाटले.

"पाडव्याला समदे वट्यावर येत्यात," गोरक्ष म्हणाला. "हितंच द्यायच्या."

"एका होडीत मावतील?"

"खेपा कराव्या लागतील. लई खेपा."

"आणि नावाडी? का समद्यांचा झाला तोही?"

"त्यो... एकटीचाच हाय."

होडी ओट्याला वळसा घालत असताना खालून काहीतरी हलकेच घासले. रोहिणीने त्याचा दंड घट्ट धरला.

"भ्यायचं न्हाई," तो म्हणाला. "आमच्या घराचा उंबरा हाय."

तिने वाकून पाहिले. वीतभर पाण्याखाली एक दगडी पट्टी, झिजलेली, कोणाची तरी वाट पाहत असल्यासारखी. तिने दंड सोडला नाही.

"पाडव्यापर्यंत पाणी अजून उतरेल?"

"उतरंल की. का?"

"कोरडा झाला," ती अगदी हळू म्हणाली, "की ओलांडून बघीन."