ओढायचं, ढकलायचं नाही

माझ्या मावशीने आयुष्यात एकही दार सरळ ओढून उघडलेलं नाही. दारावर ठळक अक्षरांत 'ओढा' लिहिलेलं असलं तरी ती आधी खांद्याने ढकलून बघणार. तिचाही इलाज नाही म्हणा. ती मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर आहे. दिवसभर स्ट्रेचर ढकल, औषधांची गाडी ढकल, मध्येच उभ्या राहिलेल्या नातेवाइकांना गोड बोलून ढकल. आई तिला लहानपणापासून ढकलगाडीच म्हणते.

तर आम्ही तिघी, आई, मावशी आणि मी, रानातल्या एका लॉजवर गेलो होतो. पोचल्या पोचल्या मावशीने जेवणघराचं दार ढकललं. दार हललं नाही. तिने बॅग खाली ठेवली, ओढणी कमरेला बांधली आणि दोन्ही हातांनी जोर लावला. मी शेजारच्या खिडकीतून आत बघत होते, त्यामुळे खरा प्रकार फक्त मला दिसत होता. आतून एक उंच माणूस पाठीने तेच दार बाहेर लोटत होता, कारण त्याच्या दोन्ही हातांत एक लांबच लांब करवत होती, दोन्ही टोकांना एकेक मूठ असलेली. ही बाहेरून ढकलतेय, तो आतून ढकलतोय, आणि दार बिचारं दोघांच्या मध्ये गप्प उभं.

शेवटी आतून आवाज आला, "बाई, तुमच्या बाजूने ओढायचं असतं."

"तुम्ही ढकलणं थांबवा, मग ओढते."

तो थांबला... पण पाठ दाराला टेकलेलीच होती. मावशीने दार ओढलं आणि तो उलट्या पावलांनी थेट अंगणात. पडला नाही, पण करवत अशी थरथरली की हवेत एक लांब सूर घुमला. त्याने आधी करवतीचे दाते तपासले. मग मावशीकडे पाहिलं. मग पुन्हा दाते.

"माणसांची विचारपूस नंतर का?" मावशी म्हणाली.

"माणसांना सहसा धार नसते," तो म्हणाला, आणि मावशीच्या चेहऱ्याकडे बघून त्याने पुढे जोडलं, "...सहसा."

त्याच क्षणी मी त्याचं नाव करवतराव ठेवलं.

करवतराव त्या लॉजच्या रानवाटांची देखभाल करायचा. पायऱ्या रचणं, पाणी वाटेवरून बाजूला काढणं, पडलेली झाडं कापणं ही सगळी कामं त्याची. लॉजचा नियमच होता की पाहुण्यांनी चार दिवस नुसतं लोळायचं नाही, रोज दोन तास रानासाठी द्यायचे. कोणी तण उपटायचं, कोणी रोपांना पाणी घालायचं. आईने मावशीला विश्रांती म्हणून तिथे आणलं होतं. विश्रांती आणि मावशी हे दोन शब्द एका वाक्यात आईच बसवू शकते.

चहाच्या वेळी मालकीणबाईंनी सगळ्या पाहुण्यांना परिस्थिती सांगितली. दोनच दिवसांपूर्वी वादळ झालं होतं आणि तळ्याकडे जाणाऱ्या एकुलत्या एक वाटेवर एक जुनं, अजस्र झाड आडवं झालं होतं. रविवारी शाळेची साठ मुलं तळं बघायला येणार होती. वाट शनिवारी दुपारी बारापर्यंत मोकळी झाली तर ठीक, नाहीतर मोटरची करवत घेऊन माणूस बोलवायचा. त्यांना ते आवडत नव्हतं, हे त्यांच्या आवाजातच कळत होतं. कारण पडलेल्या झाडापासून चार पावलांवर एक वठलेलं खोड उभं होतं, आणि त्याच्या ढोलीत सुतारपक्ष्याची पिल्लं होती. मोटरचा तो कर्कश आवाज तासभर चालला तर पक्षी पिल्लांना टाकून उडून जाणार, हे करवतरावने गेल्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून त्याने हट्टाने रानात यंत्र येऊ दिलं नव्हतं. पण हातकरवतीला माणसं दोन लागतात, आणि त्याच्या जोडीला असायचे त्याचे काका, ज्यांचा हात वादळातच निखळून गळ्यात बांधला गेला होता.

"कोणी येईल का जोडीला?" करवतरावने विचारलं. व्यायामशाळेत कमावलेले दंड असलेले दोन पाहुणे आपापल्या कपात खोल बघू लागले. मावशीचा हात वर होता. प्रश्न संपायच्या आधीपासून होता. आईने तिच्या मांडीला चिमटा काढला, पण ढकलगाडीला ब्रेक कुठे असतो?

गुरुवारी दुपारी काम सुरू झालं. झाड आडवं असूनही माझ्या कमरेपर्यंत येईल एवढं जाड, साल ओली, वरच्या पानांतून अजून टपटप पाणी गळत होतं. वाटेच्या रुंदीएवढा तुकडा काढायचा म्हणजे दोन काप घ्यायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे. एका मुठीला तो, दुसरीला मावशी, मध्ये झाड. मावशीने दातओठ खाऊन पहिला हिसका दिला, आणि मग परतताना मूठ अशी ढकलली की पातं मध्येच धनुष्यासारखं वाकलं.

त्याने थांबवलं. तिने पुन्हा ढकललं. त्याने पुन्हा थांबवलं. सहाव्या वेळी तो झाडावर कोपर टेकून म्हणाला, "ही ओढायची असते. ढकलायची नाही. तुम्ही ओढा, मग हात सैल सोडा. परत नेणं माझं काम."

"आणि तुम्ही नेलीच नाही तर?"

"नेतो."

"आणि माझ्याने सैल सुटलाच नाही तर?"

"तर पातं वाकतं." तो जरा थांबला. "पलीकडचा माणूसही."

मावशी लाल झाली. श्रमाने, असं ती म्हणाली. मी झाडाच्या बुंध्यावर बसून गुपचूप हसत होते.

सैल सोडणं तिला ओढण्यापेक्षा जड गेलं. तासभर ती मोठ्याने स्वतःलाच बजावत होती... ओढ, सोड, ओढ, सोड... आणि मग केव्हातरी ते बजावणं थांबलं. मी घाबरून वर पाहिलं, कारण मावशी गप्प म्हणजे मावशी आजारी. पण ती आजारी नव्हती. करवत आपोआप जात-येत होती, खर्र... खर्र..., आणि पेन्सिल तासल्यावर निघतात तशा लाकडाच्या लांब लांब गुंडाळ्या दोघांच्या पायांशी पडत होत्या. करवतराव तिच्याकडे बघत होता. दात्यांकडे अजिबात नाही.

शुक्रवारी सकाळी मावशीच्या बाजूची मूठ पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केलेली होती, आणि तिच्यावर मऊ कापडाची पट्टी गुंडाळलेली. कोणी केलं ते कोणी विचारलं नाही. मावशीने फक्त पट्टीवरून अंगठा फिरवला आणि गाठ सोडून ती नर्ससारखी नीट बांधून घेतली. मग करवतरावचा तळवा ओढून घेतला, कालचा फुटलेला फोड बघितला आणि असा हात घेऊन काम करणाऱ्याला काय म्हणतात ते सविस्तर सांगितलं. तो ऐकत राहिला. औषध लावून झालं, पट्टी बांधून झाली, बोलणीही संपली, तरी हात तिथेच होता.

त्या दिवशी त्यांच्या गप्पाही करवतीच्या तालावर चालल्या. ओढताना तिचं वाक्य, ओढताना त्याचं वाक्य. तिने त्याला वॉर्डातले किस्से सांगितले, रात्रपाळीनंतर पहाटे रिकाम्या बसमध्ये येणारं रडू सांगितलं, जे तिने आईलाही कधी सांगितलं नव्हतं. त्याने सांगितलं की शहरात तीन वर्षं ऑफिसात काढली आणि तिथे त्याला सगळे 'अरे, बोल काहीतरी' एवढंच म्हणायचे. चार वाजता पहिला काप पूर्ण झाला.

आणि जेवताना आईने जाहीर केलं की उद्या सकाळी नऊच्या बसने आपण परत जातोय.

आई दुष्ट नाही, हे आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी मावशीने एका माणसाला असंच ढकलत ढकलत लग्नाच्या तारखेपर्यंत नेलं होतं, आणि तारीख जवळ आल्यावर तो मागच्या मागे पसार झाला. त्यानंतरचे चार महिने मावशी आमच्याकडे होती, आणि तिच्या खोलीबाहेर ताट घेऊन उभी राहणारी आईच होती. दोन दिवसांत माणूस कळत नाही, आई म्हणाली. उगाच ओढ लावून घ्यायची आणि मग... पुढचं तिने गिळलं. पण नऊची बस म्हणजे जोडीदार गेला, जोडीदार गेला म्हणजे दुसरा काप गेला, आणि दुपारी मोटर सुरू.

मी कानांवर हात ठेवायच्या तयारीत होते. आता मावशी आईला असं ढकलणार की लॉज हलेल.

मावशीने पाण्याचा घोट घेतला. मग आईचा हात हातात घेतला, अगदी सैल.

"ताई, तुझं चुकत नाहीये. मला पण भीती वाटते," ती म्हणाली. "पण उद्या तू माझ्याबरोबर ये. दुसरा काप अवघड आहे, लाकूड करवतीला चिमटून धरतं. पाचर मारायला कोणीतरी हवं. बारापर्यंत तू त्याला जवळून बघ. मग तू म्हणशील त्या बसने जाऊ."

आईने ताटातलं मीठ बोटाने कडेला सारलं आणि 'बारापर्यंतच,' म्हणाली. तिच्या ढकलगाडीने तिला पहिल्यांदाच ओढलं होतं, आणि ओढणाऱ्याला नाही म्हणायची तिला सवयच नव्हती.

शनिवारी सकाळी आमची मोहीम निघाली तेव्हा आईच्या खांद्यावर हातोडा होता आणि चेहऱ्यावर परीक्षकाचं तेज. एरवी कोणाच्या कामात पाचर मारली म्हणजे ते काम बोंबललंच समजायचं. इथे उलटं होतं. झाडाचा मधला भाग खाली दबत होता, त्यामुळे वरून घेतलेली चीर मिटायला बघायची, म्हणून करवतीच्या मागे चिरेत पाचर ठोकून ती उघडी ठेवायची. आईने सगळं समजून घेतलं, तीन शंका विचारल्या आणि करवतरावच्या उत्तरांवर मान डोलावली. मग त्याला त्याचं शिक्षण विचारलं, घरी कोण कोण ते विचारलं, आणि सकाळी लवकर उठता का हेही विचारलं. तो ओढता ओढता उत्तरं देत होता. मावशी जमिनीत शिरायला जागा शोधत होती.

साडेअकराला मोटरवाला आला. मालकीणबाई त्याच्यामागे. तो आपल्या यंत्रावर पाय टाकून बसला आणि घड्याळ बघू लागला. काप तीन चतुर्थांश झाला होता. आणि तेवढ्यात... खर्र थांबलं. करवत चिरेत अशी जखडली की इकडे येईना, तिकडे जाईना.

मावशीचे खांदे वर आले. मला माहीत होतं, आता ती ढकलणार. ढकललं असतं तर पातं तिथेच तुटलं असतं. करवतरावने तिच्याकडे फक्त पाहिलं. तिने डोळे मिटले, श्वास सोडला आणि मूठ सैल धरली.

"ताई," ती म्हणाली, "मार."

आईने पदर खोचला. पहिला घाव बसला. "हा त्या पळपुट्याला," आई म्हणाली. दुसरा घाव. "हा पण त्यालाच." मोटरवाल्याने पाय खाली घेतले. तिसरा, चौथा, पाचवा... आईच्या पोटात दोन वर्षं काय काय साचलं होतं ते त्या पाचरीलाच ठाऊक. सातव्या घावाला चीर केसभर उघडली आणि करवत सुटली. खर्र. खर्र. मावशी ओढतेय, तो ओढतोय, घाम डोळ्यांत जातोय, कोणी पुसत नाहीये. मालकीणबाईच ओरडायला लागल्या, चला चला, दहा मिनिटं, आठ मिनिटं. आणि मग झाडाच्या पोटातून कडाड असा खोल आवाज निघाला, तुकडा धाडकन खाली बसला, आम्ही पाचजणांनी बांबू लावून तो लोटला, आणि तो गडगडत उताराला गेला.

समोर वाट होती. वाटेच्या शेवटी तळं चमकत होतं. आणि वठलेल्या खोडावर सुतारपक्षी चोचीत अळी धरून, आमच्याकडे ढुंकूनही न बघता, ढोलीत शिरला. आतून चिवचिवाट उसळला. बाराला चार मिनिटं कमी होती. मालकीणबाईंनी मोटरवाल्याला चहा घेऊन जा म्हणून सांगितलं. त्याने सरळ टाळ्या वाजवल्या.

मालकीणबाई आणि मोटरवाला तळ्याकडे धावले. आई बुंध्यावर टेकली. मी नाही धावले. मी इतकी वेडी नाही.

करवतराव करवत पुसत होता. पुसलेलीच पुन्हा पुसत होता. मावशी समोर उभी, केसांत भुसा, नाकावर काळा डाग.

"वरच्या वाटेवर..." तो म्हणाला, "अजून चार झाडं आडवी पडलीत."

मावशीचं तोंड उघडलं. तिच्याकडे निदान अकरा उत्तरं तयार असणार, मी तिला ओळखते. तिने तोंड मिटलं. हात सैल सोडले. वाट बघत राहिली. पानांतून दोन थेंब पडले, तिसरा पडला.

"काकांचा हात महिन्याभरात बरा होईल," तो म्हणाला. "पण मी त्यांची वाट बघत नाहीये. मी तुम्हाला विचारतोय. झाडांचं तर विचारतोच, पण... नुसत्या झाडांचं नाही. त्याच्या पुढचंही. तुमची सुट्टी, तुमचं हॉस्पिटल, जे काय असेल ते बघू. मी शहरात येईन, तुम्ही इथे याल, कसंही. दुसऱ्या बाजूला मला तुम्हीच हव्यात." एवढं बोलून तो स्वतःच थकला. बहुधा त्याचं वर्षाचं बोलणं संपलं होतं.

बुंध्यावर बसलेल्या आईने घाम पुसला आणि नऊची बस तर केव्हाच गेली, असं झाडाकडे बघत म्हणाली.

मावशी हसली. तळ्याच्या बाजूने वारा आला आणि तिच्या केसांतला भुसा उडून त्याच्या शर्टावर बसला. तिने तो झटकला नाही. तिथेच हात ठेवला.

"चारच?" ती म्हणाली.