रुखमाबाईची टाच आणि निकेशचे मंगळवार

वाचकहो, एका वृद्ध स्त्रीच्या पायाची जखम भरून येत असता दोन तरुण अंतःकरणे कशी गोंधळून गेली, तो वृत्तान्त मी यथाशक्ती आपणांसमोर ठेवीत आहे. शांत चित्ताने वाचावा, ही विनंती.

वैनगंगेपलीकडील एका जंगलगावातून निकेश मडावी आपल्या मातेस, रुखमाबाईस, जीपने ब्रह्मपुरीच्या एका दवाखान्यात घेऊन आला. साखरेच्या आजारामुळे तिच्या उजव्या टाचेची जखम काही केल्या भरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, तिच्याच रक्तातून औषध काढून जखमेवर लावू.

परिचारिका रंजीता सुई घेऊन पुढे आली. तत्क्षणी निकेशने स्वतःची बाही वर सारली.

"माह्यं घ्या ना मॅडम. आई म्हातारी आहे."

"जखम तुमची आहे का?"

"नाई…"

"मंग हात खाली करा."

ती मंद हसली — आणि निकेश हात खाली करण्याचेच विसरला.

यंत्रात रक्ताची नळी गरगर फिरली. तळाशी लाल रक्त बसले, वर पिवळसर द्रव राहिला. जखम भरणारे कण त्या पिवळ्यातच असतात, असे रंजीताने समजाविले. परंतु रुखमाबाई संतापली.

"अवं, लाल फेकून राह्यली अन् पानी लावून राह्यली?"

"तुमचंच आहे आजी, कोनाचं उसनं नाई आनलं."

त्यानंतर दर मंगळवारी ते येऊ लागले.

"नवा शर्ट?" एकदा रंजीताने निकेशला विचारले. "आज ड्रेसिंग कोनाचं आहे?"

"आईचं."

"मले वाटलं, तुमचं."

जखम भरावी, असे निकेशला मनापासून वाटे. परंतु ती भरली की मंगळवार संपणार… मग कोवळी त्वचा पाहून तो आनंदित होई की व्यथित? हे त्याला कळत नसे, आणि खरे सांगतो, मलाही नीटसे उमगले नाही.

अखेर रंजीताने पट्टी सोडली. टाच कोरडी होती. "आता पट्टीचं काम नाई," ती म्हणाली. पण तिचा स्वर काहीसा ओला होता.

तथापि पुढील मंगळवारी रुखमाबाई अधिकच लंगडत दारात उभी!

"लई दुखते वं."

"आजी, जखम उजव्या पायाले होती. डावा काऊन ओढता?"

रुखमाबाई क्षणभर दोन्ही पायांकडे पाहत राहिली. मग मागे उभ्या निकेशकडे बोट करून म्हणाली, "मंग काय करू? याच्या तोंडातून शब्द निघत नाई, म्हनून मले लंगडत या लागते!"



"कोनता शब्द?" रंजीताने हळूच निकेशला विचारले.

"मले… तुमाले… म्हंजे मंगळवार…"

"मंगळवार काय?"

"इथी नाई आलो, त मले करमत नाई."

रंजीता खाली मान घालून पट्टी गुंडाळू लागली. वास्तविक ती पट्टी कोणालाच बांधायची नव्हती.

"आईले जीपमधी उगाच तरास देऊ नका," ती म्हणाली. "एकटे येत जा."

"कोन्या दिवशी?"

"अजूनई तुमाले दिवस सांगा लागते का?"

येथे ही कथा मी थांबवितो. आपण वेळ काढून वाचलीत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
सोमाजी पत्रूजी कोवे