चारशे सतराचं जेवण

रोज सकाळी सात वाजता अर्डिथ यादी छापायची. लेथब्रिजच्या उत्तरेला मांसासाठी पोसलेली सहा हजार गुरं, आणि प्रत्येकाच्या कानात नंबराचा बिल्ला. गव्हाणीला बसवलेलं यंत्र वीतभर अंतरावरून बिल्ला ओळखायचं आणि कोण किती मिनिटं खात होतं याची नोंद ठेवायचं. सलग तीन दिवस खाणं घटलं की नंबर यादीत. मग राखणदार घोड्यावरून जाऊन त्या जनावराच्या पाठीवर तेलकट, ओल्या रंगखडूचा पट्टा ओढायचा आणि त्याला उपचारासाठी कळपातून बाहेर काढायचा. राखणदार म्हणजे तिचा नवरा हार्लन, आणि त्याचा पट्टा निळा आणि तिरपा असायचा.

"तुझं यंत्र घास मोजतं, मी डोळे बघतो," असं तो बायकोला चिडवायचा.

हार्लन नोव्हेंबरात गेला. पोटात गाठ निघाली. त्या हंगामात अर्डिथनं खाणं सोडलेली साठ जनावरं वेळेत पकडली होती, आणि घरी नवऱ्याचा अर्धा भरलेला डबा रोज मुकाट्यानं धुतला होता. तिला याची लाज वाटायची. रडू मात्र कधीच आलं नाही.

फेब्रुवारीत यादीत चारशे सतरा आला.

तो बैल सप्टेंबरातच मेला होता. मेलेल्या जनावराचा बिल्ला कापून ऑफिसात जमा करायचा, असा नियम. हार्लन तो खिशात टाकून विसरायचा. अर्डिथनं अंगातल्या कोटाचा खिसा चाचपला. कोट हार्लनचा, तो गेल्यापासून तीच घालत होती. बिल्ला खिशातच होता, आणि गव्हाण इथून अर्धा मैल लांब.

तिनं ऑक्टोबरच्या याद्या काढल्या. चारशे सतरा नऊ वेळा सापडला. नऊ नंबरची गव्हाण, दुपारी बारा. बावीस मिनिटं, पंधरा, नऊ, चार. हार्लन हाच कोट घालून त्याच गव्हाणीच्या कडेवर बसून जेवायचा. नऊही वेळा नंबरावर काट मारलेली होती आणि पुढे लिहिलं होतं, 'मेलेला. सोडून द्या.' अक्षर तिचं होतं.

आताच्या यादीतही गव्हाण आणि वेळ तीच होती. एकवीस, चौदा, आठ.

"यंत्र गारठलं असेल," चाऱ्याचा ट्रक चालवणारा टिलमन दारातून म्हणाला. "मीही गारठलोय, पण मी अशा थापा मारत नाही." मग टेबलाकडे बघून त्यानं विचारलं, "जेवलीस?"

"हो."

"अर्डिथ, या डब्याचं झाकण सकाळपासून निघालेलं नाही."

परवा तिनं अर्धं सँडविच खाल्लं होतं. काल दोन घास. आज भूकच नव्हती.

बारा वाजता ती नऊ नंबरच्या गव्हाणीवर गेली. उणे वीस अंश, झोंबरा वारा. बैल खांद्याला खांदा लावून खात होते. मध्ये एका माणसापुरती जागा मोकळी होती. तिथे एकही जनावर तोंड घालत नव्हतं.

ती त्या जागेत उभी राहिली. गव्हाणीच्या कडेवर हात ठेवला.

सिमेंट कोमट होतं.

कोणी आलं नाही. ती ऑफिसात परतली.

"पाठीला काय लागलंय तुझ्या?" टिलमननं विचारलं.

तिनं कोट काढला. पाठीवर तिरपा निळा पट्टा होता.

"नवा राखणदार लाल खडू वापरतो," टिलमन हळूच म्हणाला. "निळा तर आपण शवपेटीत हार्लनच्या हातात ठेवला होता."

अर्डिथनं पट्ट्यावर बोट ठेवलं. रंग अजून ओला होता.