उपासाचं पीक

श्रावणातल्या एका सोमवारी दीपाने सम्राटचं अख्खं पीक उपटून टाकलं आणि वर त्याच्या आभारांची वाट बघत बांधावर उभी राहिली. प्रेमाची सुरुवात साधारणपणे याहून बरी होते. पण कृषी महाविद्यालयातल्या गुलाबांना हात लावायची बंदी होती, तेव्हा ज्याला जे उपटायला मिळालं त्यावर भागवावं लागलं.

झालं होतं असं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पिकं घ्यायला एकेक तुकडा नेमून दिलेला. दीपाने तिच्या तुकड्यात संकरित बाजरी लावली होती, दोरी धरून, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या पोरींसारखी. शेजारी मात्र नुसतं रान माजलेलं. दुसऱ्या दिवशी सर तपासायला येणार होते. या उकिरड्याशेजारी आपले मार्क जातील, अशा शुद्ध परोपकारी विचाराने तिने ओढणी कमरेला खोचली आणि शेजारचा तुकडा स्वच्छ निंदून काढला.

भुरभुर पाऊस होता. तेवढ्यात एक सावळा, उंच पोरगा दांडा मोडलेली छत्री सांभाळत आला आणि जागच्या जागी थांबला.

"हे... हे कुणी केलं?"

"मी! राहू द्या, आभार नकोत. लई गवत माजलं हुतं तुमच्यात."

तो खाली बसला. एक रोप उचलून त्याने मुळं चिखलात हळूच टेकवली. एवढी नटून निंदायला आलेली मुलगी समोर असताना हा गवताकडे बघतोय, याचं दीपाला वाईट वाटलं.

"तुमच्या डब्यात काय हाय?" त्याने विचारलं.

"का? उपास हाय माझा, सोमवारचा. भगर हाय."

"आन् हातात?"

"गवत."

"ती पण भगरच हाय."

दीपाने हातातल्या जुडीकडे पाहिलं, मग डब्याकडे. तिच्या मिरजगावात भगर किराणा दुकानातल्या पोत्यात उगवते. तिचं झाड असतं, ही बातमी तिथवर पोचलेली नव्हती.

"ही वरई. आमी अकोले तालुक्यात डोंगराला पेरतो. सोलली की तुमची भगर हुती," तो म्हणाला. "आई अशीच फेकून पेरती, म्हणून ओळी न्हाईत."

"मग तुमचेही उपास कडक असणार!"

"आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आन् सगळे उपास एकदम सोडले," तो शांतपणे म्हणाला. "त्याआधी रोजच घडायचे. आमी वरई जेवायला खातो. तुमी कशासाठी खाता?"

दीपा लाजली. "चांगला नवरा मिळावा म्हणून."

"कोण?"

"अजून ठरायचाय."

"म्हंजे ज्याचं नावसुद्धा माहीत न्हाई, त्याच्यासाठी तुमी माझं पीक खाताय," सम्राट म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. त्याचे पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले होते. दीपाला ते ओळीत न लावलेल्या पेरणीसारखे वाटले आणि, काय सांगावं, आवडले.

"आता काय करायचं हो?"

"लावू परत. मुळं ओली हायेत तोवर लागतं ते."

दोघांनी पावसात वाकून सगळं पुन्हा लावलं. सम्राट बोटाने भोक पाडी, दीपा रोप ठेवी. मध्येच बोटं एकाच भोकात जायची... आणि दोघंही पिकाच्या हितासाठी ती लगेच काढायची नाहीत. पीक जगलं. सरांनी मार्क दिले नाहीत, पण पीक जगलं.

पुढे 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. ती सोमवारी डबा आणी, तो अर्धा खाई.

"माझा उपास मोडतोस तू."

"मोडत न्हाई, वाटून घेतो. नवरा पण अर्धाच चांगला मिळंल आता."

"अर्धा कोणता? वरचा का खालचा?"

"जेवणारा."

सम्राटच्या डोक्यात एक खूळ होतं. जमिनीला न दमवता माणसांनी पोटभर कसं जेवावं, वरई, नागली, उडीद एका वावरात एकमेकांना सांभाळून कशी राहतात, याचाच अभ्यास करायचा. अशा शेतीला शाश्वत म्हणतात, असं त्याने कुठंतरी वाचलं होतं. त्याने पीकशास्त्राच्या सरांना विचारलं, एम.एस्सी. याच्यावर करता येईल का? सर चांगले होते. त्यांनी त्याला खुर्चीत बसवून चहा पाजला, मग म्हणाले, "बाबा रे, कृषी पदवीधराला वाटा चार. बँक, स्पर्धा परीक्षा, साखर कारखाना आणि औषध कंपनी. उपासाच्या पिकावर करिअर केलंस तर जन्मभर उपास घडेल. शाश्वत असते ती सरकारी नोकरी."

याच सरांनी वर्गात तणाची व्याख्या दिली होती. नको त्या जागी उगवलेली वनस्पती म्हणजे तण. दीपाने ती पाठ केली होती. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवून देणारं ते वाक्य आपल्याच अंगावर येईल, असं तिला तेव्हा वाटलं नव्हतं.

शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली त्या दुपारी दोघं त्याच बांधावर बसले. सम्राटला अकोल्याकडच्या एका संस्थेत काम मिळालं होतं. वाडीवाडीवर फिरून जुनं बियाणं गोळा करायचं, ते पेरून बघायचं, लोकांना परत वाटायचं.

"तिथं अजून एक माणूस पाहिजे हाय," तो म्हणाला. "ज्याला गवत आन् पीक यातला फरक... चुकून का हुईना... कळलाय असं."

"माझ्यासारखं?"

"तुझ्यासारखं न्हाई. तूच."

दीपाचे कान गरम झाले. "हे कामाचं विचारतोयस, का...?"

"दोन्ही एकाच वावरात घेऊ. आमच्यात मिसळूनच पेरत्यात."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "आप्पांना विचारते."

सम्राटने खिशातून फडक्याची पुरचुंडी काढून तिच्या हातात ठेवली. न सोललेली वरई. "आईनं दिलीय. किराणातली भगर पेरली तर उगवत न्हाई, सोललेली असती ती. ही उगवंल. आन् हे बघ दीपा, जे काय विचारायचं ते लवकर विचार."

"मुळं ओली हायेत तोवर," ती म्हणाली.

दीपाचे वडील काकासाहेब यांना घरात आप्पा म्हणत. मिरजगावात हमरस्त्यावर त्यांचं खतं-बियाणांचं दुकान होतं. त्यांनी आयुष्यात लेकीवर हात उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. अशा बापापुढे बंड करणं फार अवघड असतं, धरायलाच काही सापडत नाही.

"आप्पा, मला अकोल्याला काम करायचंय. बियाणांचं. वरई, नागली असली जुनी पिकं."

काकासाहेबांनी गिऱ्हाईकाला फवारणीचं औषध बांधून दिलं, मापाने, अजिबात न सांडता. मग चष्मा काढून पुसला.

"चांगलं काम हाय," ते म्हणाले. "आडनाव काय त्याचं?"

दीपाने कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. तिने तोंड उघडलं. आडनाव जिभेवर होतं, साधं, तीन अक्षरांचं. रस्त्याने एक टेम्पो गेला, मग दुसरा. दीपाने तोंड मिटलं. काकासाहेबांना उत्तर मिळालं.

"तुझी आई चहा ठिवतीय बघ," ते मायेने म्हणाले. "जा आत."

बस्स, एवढंच. कुणी कोंडलं नाही, कुणी रडलं नाही. दिवाळीनंतर लग्न झालं. स्थळ शहरातलं, सावेडीचं, फ्लॅट, स्कूटर, एकुलता एक मुलगा. तो एका औषध कंपनीत साहेब होता. तणनाशकं विकायचा. माणूस सभ्य होता, घरी आल्यावर साबणाने हात धुवायचा.

सम्राटचं एकच पत्र आलं, लग्नाआधी. त्यात पावसाची चौकशी होती. दीपाने उत्तर लिहायला घेतलं आणि तिला कळेना, मिरजगावात पाऊस नाही हे त्याला कसं कळवावं.

सासरच्या पहिल्या ज्येष्ठात तिने गॅलरीतल्या कुंडीत ती पुरचुंडी सोडली. ओळीत नाही, फेकून. आषाढात कोवळी पाती वर आली. सकाळी दूध तापत असताना ती गॅलरीत जाऊन नुसती उभी राही. वारं आलं की पाती एकमेकींना लागत. तेवढंच काय ते तिचं करिअर.

श्रावणातला पहिला सोमवार आला. दीपा देवळातून परतली, तर सासूबाई गॅलरीत झाडू मारून कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या, खूश.

"राहू दे, आभार नकोत," त्या म्हणाल्या. "किती गवत माजलं होतं गं तुझ्या कुंडीत! सकाळीच काढलं सगळं. आता छान शेवंती लाव."

दीपा केराच्या बादलीपाशी बसली. जुडी उचलून तिने मुळं चाचपली. सकाळपासून ऊन पडलं होतं. मुळं कोरडी ठक्क होती, बोटांत चुरली.

"अगं, गवत काय कवटाळून बसलीस? चल, पान वाढलंय."

ताटात दाण्याची आमटी होती आणि वाफाळती भगर. दीपा खाली मान घालून बसली. सासूबाईंना या सुनेचं अप्रूप वाटत होतं. शिकलेली, तरी एक सोमवार चुकवत नाही.

"आता तर नवरा मिळाला," त्या चेष्टेने म्हणाल्या. "मग एवढे कडक उपास अजून कुणासाठी गं?"

दीपाने भगरीत बोटं घातली. चटका बसला तरी काढली नाहीत.

"ज्याचं नाव घेता येत नाही, त्याच्यासाठी," ती म्हणाली.

"शहाणी माझी सून!" सासूबाई विरघळल्या. "नाहीतर आजकालच्या पोरी! नवऱ्याला खुशाल नावाने हाका मारतात."

आणि कौतुकाने त्यांनी तिच्या पानात आणखी एक डाव भगर वाढली.